मुंबई आणि पुण्याच्या मधली जागा रिकामी नाही

खोपोलीकर:

परवापासून एक पोस्ट प्रत्येक गटात फिरते आहे. लिहिणारे गृहस्थ गुंतवणूक सल्लागार आहेत. सार असं: मुंबई आणि पुणे वीस वर्षांत एकच शहर होणार, मधे सगळी रिकामी जागा पडून आहे, तेव्हा दोन्ही महानगर प्राधिकरणं मोडून एकच करा, घाटाच्या दोन्ही अंगांना टाउनशिप उभ्या करा, आणि ज्याला पुढचं दिसतं त्याने आत्ताच कर्जत-खालापुरात जमीन घेऊन ठेवावी. खाली 'अगदी बरोबर'चा पाऊस.

मी त्या रिकाम्या जागेत राहतो. उत्तर लांब होणार, आधीच सांगतो.

हद्दी केव्हाच भिडल्यात. २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेश वाढून सुमारे ६,३२८ चौरस किलोमीटर झाला. पालघर तालुका आत आला, वसई, पनवेल, पेण, अलिबाग, खालापूर यांचे उरलेले भाग आत आले. घाटाच्या वर मावळ आणि मुळशी २०१५ पासून पुण्याच्या प्राधिकरणात आहेत. बोरघाटात मुंबईचा नकाशा जिथे संपतो तिथेच पुण्याचा सुरू होतो, मधे एक वावर सुटलेलं नाही. मग आमच्या पदरात काय पडलं? इरशाळवाडी आमच्या खालापूर तालुक्यातली. जुलै २०२३ मध्ये दरड आली तेव्हा वाडी चारेक वर्षं महानगर प्रदेशात होती आणि वर जायला रस्ता नव्हता. बचाव पथकं भर पावसात पायी डोंगर चढली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं ढिगाऱ्यातच राहिली. नकाशात रंग भरल्याने तिथे एक पायरीसुद्धा बांधली गेली नव्हती.

पाण्याचं घ्या. लोणावळा, वळवण, शिरवता ही धरणं घाटमाथ्यावर. त्यांचं पाणी १९१५ पासून मोठ्या पाइपांतून डोंगर उतरून खोपोलीच्या वीजघरात येतं. वीज मुंबईला. सुटलेलं पाणी पाताळगंगेत पडतं आणि त्यावर खालचे कारखाने, पनवेलकडच्या पाणीयोजना चालतात. वीजघर बंद असलं की पुलाखालचे खडक उघडे पडतात, उरलेल्या डबक्यांवर बगळे उतरतात, आणि बायका धुणं घेऊन त्या डबक्यांपर्यंत खाली जातात. वर मुळशीत तेच. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, धरण झालंच. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी आज भिऱ्याच्या वीजघरातून कोकणात कुंडलिकेत उतरतं. या पट्ट्याने दोन्ही शहरांना शंभर वर्षं दिलेलंच आहे. आता त्याला रिकामा म्हणून विकायला काढलाय.

माझं म्हणणं एवढंच की प्राधिकरण एक करायच्या आधी मधलं काय राखायचं ते लिहून काढा. कुठला डोंगर, कुठला ओढा, कुठल्या वाडीचं पाणी. ते ठरल्याशिवाय एकीकरणाला माझा विरोध आहे.

निवृत्त अभियंता, ठाणे:

खोपोलीकर, जागा रिकामी नाही हे मान्य. त्या पोस्टमधली भाषा दलालाची आहे. पण तुम्ही रोग सांगितलात आणि औषधालाच विरोध करताय.

शहर कुणाला विचारून वाढत नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, १९३० मध्ये डेक्कन क्वीन आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. प्रत्येक टप्प्याला घाट जवळ आला. द्रुतगती मार्गावरच्या मिसिंग लिंक या नव्या तुकड्याने आणखी सहा किलोमीटर कमी होतात. हे सगळं वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांशी न बोलता केलं. रस्ता एकाचा, रूळ दुसऱ्याचे, विमानतळ तिसऱ्याचा, नियोजन चौथ्याचं. इरशाळवाडीला रस्ता नव्हता कारण तो नेमका कुणी करायचा हेच ठरलेलं नव्हतं. जबाबदार एकच असता तर निदान कुणाच्या दारात जाऊन बसायचं ते तुम्हाला कळलं असतं.

प्राधिकरण नको म्हणाल तर डोंगर तसाच राहील असं वाटतं का? कर्जतच्या बाजूला जाऊन बघा. सेकंड होमचे प्लॉट डोंगर कापूनच पडतायत. ते कुठल्या महानगर आराखड्याने पाडलेले नाहीत, आराखड्याच्या अभावाने पाडलेत.

अपडाउन:

पुण्यात घर, नोकरी मुंबईत. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, पासधारकांचा डबा. आमच्यासाठी हे केव्हाच एक शहर आहे, तुम्ही लोक अजून मुहूर्त काढताय.

डब्यात कोण असतं सांगतो. मंत्रालयातले कारकून, बँकवाले, वकील, एक नर्स आहे जी रात्रपाळी करून संध्याकाळच्या गाडीने उलटी जाते. मुंबईत भाडं झेपत नाही आणि पुण्यात त्यांच्या कामाला तो पगार नाही. घाटात गाडी तासभर अडकली की हाफ डे कापला जातो. यांना बोरघाटाचं पर्यावरण नको आहे असं नाही, पण त्यांना चौथा मार्ग पाहिजे, जादा गाड्या पाहिजेत. विलीनीकरणाला विरोध करताना यांचंही कधीतरी बोला. खोपोलीकर, तुमच्या खोपोलीचे लोकही कर्जतमार्गे लोकलने मुंबईलाच जातात ना?

खोपोलीकर:

जातात. लोकलच्या फेऱ्या इतक्या विरळ आहेत की एक चुकली तर दिवस गेला. गाड्या वाढवायला कुणी नको म्हटलंय? गाडी वाढवायला टाउनशिप लागत नाही. तुम्ही लोक दर वेळी हे दोन एका पोत्यात घालता.

आणि अभियंतासाहेब, 'कुणाच्या दारात बसायचं ते कळलं असतं' हे वाक्य तुम्ही ठाण्यात बसून लिहिलंत. आम्हाला प्राधिकरणाचं ते दार वांद्र्याला असतं. खोपोलीहून जाऊन यायला दिवस मोडतो, आणि तिथे पोचल्यावर साहेब साइटवर गेलेले असतात.

शहापूर:

पाण्यावर लिहिलंत म्हणून लिहितो. भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. मुंबईला रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी जातं, त्यातला मोठा वाटा आमच्या भागातून. आणि मार्च संपला की आमच्या पाड्यांवर टँकर. जलवाहिनीच्या कडेकडेने डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका कुणाला बघायच्या असतील तर एप्रिलमध्ये या, मी दाखवतो. पाइपाच्या सांध्यातून गळतं तिथे वाटी लावून भरतात.

आता काळू, शाई, गारगाई, पिंजाळ या नव्या धरणांची नावं यादीत आहेतच. जोडा शहरं, पण धरणाच्या गावाला पहिला हंडा असा एका ओळीचा कायदा करा. नसेल करायचा तर आमच्या नावाने नकाशे काढू नका.

धायरीकर:

+१ शहापूर.

आमच्याकडे उलटं झालं. आम्ही शहरात आलो तरी पाणी आलं नाही. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका म्हणून पेढे वाटले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला इथे जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण धडाधड निघाले. आमच्या इमारतीतली एक तरुण मुलगी. सोमवारी पायाला मुंग्या, बुधवारी जिना चढता येईना, शुक्रवारी व्हेंटिलेटर. वाचली, पण महिनोन् महिने भिंत धरून चालली. ही गावं खडकवासला धरणाच्या अक्षरशः पायाशी आहेत आणि विहिरीतून येणाऱ्या पाण्याला धड गाळणी प्रक्रिया नव्हती. मिळकतकराची बिलं मात्र पहिल्या वर्षापासून वेळेवर.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची भांडून २०२४ मध्ये बाहेर पडले, स्वतःची नगरपरिषद घेतली. वर्षानुवर्षं अख्ख्या पुण्याचा कचरा अंगावर घेतला त्यांनी. त्यांनी केलं ते योग्यच. एकीकरणवाल्यांनी आधी फुरसुंगीला विचारावं.

डोंबिवली पूर्व:

बाहेर पडणं योग्य म्हणणाऱ्यांनी आमच्या २७ गावांकडे बघावं. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर, मग उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या ये-जा मध्ये काय झालं? ना ड्रेनेज, ना विकास आराखड्यातला रस्ता, आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर सात-सात मजली इमारती. दोन टॉवरच्या मधून ॲम्ब्युलन्स जात नाही.

आणि आता मी स्पष्टच बोलते, कुणाला राग आला तर येऊ दे. या इमारती कुणी बांधल्या? जमिनी कुणी विकल्या? शहर आमच्यावर लादलं म्हणून रडणारे तेच आहेत ज्यांनी गुंठा गुंठा करून विकलं, एकच जागा दोघांना विकली, बिल्डरशी भागीदारी करून निम्मे फ्लॅट घेतले. माझी बहीण डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारतींपैकी एकीत राहते, ज्यांची रेरा नोंदणी बनावट कागदांवर निघाली आणि न्यायालयाने पाडायला सांगितल्या. कर्ज चालू आहे. बँकेने कागद तपासूनच दिलं होतं. मेहुण्याच्या शर्टाच्या खिशात आजही हप्त्याची पावती आणि पाडकामाची नोटीस एकत्र असते. तिला भूमिपुत्रांचं दुःख सांगायला कोण येतंय, या.

जासईचा:

मी येतो.

ताई, तुमच्या बहिणीवर अन्याय झालाय. पण तो ज्याने केला त्याचं नाव घ्या, अख्ख्या आगरी-कोळी समाजाचं नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांची जमीन घ्यायची म्हणाली. आम्ही विकली नाही, सरकारने संपादन केली, सरकारने ठरवलेल्या भावाने. जानेवारी १९८४ मध्ये जासईला, दास्तान फाट्याला गोळ्या चालल्या. पाच हुतात्मे. आमचे नेते दि. बा. पाटील रस्त्यावर होते. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले ते त्या रक्ताने. कुणी ताटात वाढून दिले नाहीत. ते भूखंडही लोकांना हातात पडेपर्यंत म्हातारे गेले. माझे आजोबा गेले. वडिलांच्या नावावर आला तो भूखंड गावापासून लांब, खाडीच्या भरावावर.

मधल्या काळात मुलं मोठी झाली, लग्नं झाली. गावठाणाची हद्द वाढली नाही. राहायचं कुठे? आपल्याच परड्यात खोली बांधली तर ती अनधिकृत. आता त्याला गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतात, दर निवडणुकीला ती नियमित होतात आणि दर निवडणुकीनंतर पुन्हा नोटीस येते. तुम्ही म्हणता जमिनी विकल्या. आमच्या गळ्याला हात घातल्यावर श्वास का घेतलास असं विचारणं आहे हे.

डोंबिवली पूर्व:

उरण-पनवेलची गोष्ट वेगळी, २७ गावांची वेगळी. आमच्याकडे सिडको नव्हती. संपादन नव्हतं. विक्री होती. राजीखुशीने, साठेखत करून. तुम्ही १९८४ ची ढाल २०१० च्या टॉवरपुढे धरू नका. आणि 'गरजेपोटी' म्हणून चार मजले चढवून खोल्या भाड्याने देणारे तुमच्याकडे नाहीत का? छातीवर हात ठेवून सांगा.

जासईचा:

आहेत. शेत गेलं, मिठागर गेलं, खाडीतली मासळी गेली, बंदरात नोकरी मिळाली ती मोजक्यांना, तीही कंत्राटावर. मग भाडं हाच पगार. चार खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी विधवा मावशी आहे माझी. तिला तुम्ही बिल्डर म्हणणार असाल तर म्हणा.

आणि राजीखुशीचं सांगतो. माझा मामेभाऊ पनवेलच्या आतल्या गावात, नैनात, म्हणजे नव्या विमानतळाभोवतीच्या सिडकोच्या नियोजन क्षेत्रात. २०१३ पासून जमीन नियोजनात. ६० टक्के घेणार, ४० टक्के विकसित भूखंड परत. परत केव्हा, ते कुणी सांगत नाही. तोवर शेतात घर बांधायची परवानगी नाही, बँक कर्ज देत नाही. मुलीचं लग्न आलं. एक एजंट रोख बयाणा घेऊन ओसरीत बसला, कुलमुखत्यारपत्र तयार करून आणलेलं. त्याने सही केली. सहा महिन्यांत त्याच जमिनीची फाइल तिप्पट भावाने फिरली. ही राजीखुशी.

अपडाउन:

मूळ विषय मुंबई-पुणे जोडण्याचा होता. साडेबारा टक्के, नैना, २७ गावं यावर वेगळा धागा काढा ना.

जासईचा:

दादा, तुमच्या गाडीला पाहिजे तो चौथा मार्ग कुणाच्या शेतातून जाणार आहे? विषय हाच आहे.

निवृत्त अभियंता, ठाणे:

थोडं कडक बोलतो. मी नोकरीतली बरीच वर्षं भूसंपादनाच्या मोजणीवर काढली. मोजणीची तारीख लागली की आदल्या रात्री शेतात कलमं लावलेली बघितली आहेत, पत्र्याची शेड उभी राहिलेली बघितली आहे, कारण झाडाचा आणि बांधकामाचा मोबदला वेगळा मिळतो. प्रत्येक शेतकरी हुतात्मा नसतो. आणि योजना पंधरा-पंधरा वर्षं लांबते त्यात दर गावच्या संघर्ष समितीचाही हात असतो. समितीच्या अध्यक्षाचा स्वतःचा भूखंड मार्गी लागला की संघर्ष थंडावतो, हेही मी पाहिलंय.

जासईचा:

तुमच्यासारख्या साहेबांनीच आमच्या बापाच्या आंब्याची किंमत लावली होती. फळावर आलेलं झाड, नोंदीत 'रोप'. मग पुढच्या पिढीने रात्रीत कलमं लावली तर वाईट वाटतं होय? शिकवलं कुणी?

निवृत्त अभियंता, ठाणे:

वैयक्तिक होऊ नका. मी कुणाच्या आंब्याला रोप लिहिलेलं नाही.

खोपोलीकर:

दोघंही थांबा जरा. जासईचा जे सांगतोय तेच पुढे आमच्याकडे होणार आहे, म्हणून मी हा धागा काढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना निघाली. १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटर. तिसरी मुंबई म्हणतात तिला. नवी मुंबईतल्या ९५ गावांचा हिशेब पाच दशकांत पुरता झाला नाही आणि पुढच्या १२४ गावांवर शिक्का बसला. त्यापुढचं पाऊल खालापूर, मग घाट. अभियंतासाहेब, एकच जबाबदार प्राधिकरण पाहिजे म्हणालात. नवी मुंबईत एकच होतं. सिडको. जमीन तिची, नियोजन तिचं, पैसा तिचा. तरीही हे झालं.

निवृत्त अभियंता, ठाणे:

आणि तरीही नवी मुंबईत रुंद रस्ते आहेत, स्टेशनांबाहेर मोकळी जागा आहे, महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. शेजारी ठाण्यापुढचं दिवा गाव बघा, तिथे असं कुणीच नव्हतं. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर चालत्या लोकलमधून माणसं पडून मेली. त्या गाड्यांत लाखो लोक कुठून येतात? नियोजन न करता उगवलेल्या याच पट्ट्यातून. सिडकोने अन्याय केला असेल, नियोजन नसल्याने झालेला अन्याय कमी नाही. तो मोजला जात नाही एवढंच.

डोंबिवली पूर्व:

हे मात्र खरं. दिवा-डोंबिवलीत सकाळी दारात लटकणाऱ्या बाईला कुणी भूमिपुत्र म्हणत नाही आणि कुणी प्रकल्पग्रस्तही म्हणत नाही.

नगररचना वाचक:

इतका वेळ वाचत होतो. मुद्दा एक करायचा की दोन हा नाहीच. निवडून आलेलं कोण आहे, हा आहे.

घटनेच्या कलम २४३ झेडई मध्ये, म्हणजे ७४ व्या दुरुस्तीत, दहा लाखांवरच्या प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. किमान दोन तृतीयांश सदस्य त्या भागातल्या नगरसेवकांनी आणि सरपंचांनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. प्रत्यक्षात अधिकार आणि पैसा प्राधिकरणाकडे, आणि प्राधिकरण राज्य सरकारचं. मार्च २०२२ पासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत मुंबई-पुण्यात नगरसेवकसुद्धा नव्हते, प्रशासक होते. त्या काळात इतके मोठे निर्णय झाले, कुणी कुणाला विचारलं?

बाहेर बघायचं तर जर्मनीतला रूर. ५३ शहरं-गावं एकमेकांना चिकटलेली, तरी महापालिका वेगवेगळ्या. वर १९२० पासून एक प्रादेशिक संघ, आणि त्याची सभा २०२० पासून लोक थेट मतदानाने निवडतात. हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, हेग, उत्रेक्त यांच्या कड्याच्या मधे मुद्दाम शेती आणि कुरणं राखली आहेत, नियोजनाचा भाग म्हणून. बांधकामाचा रेटा तिथेही सतत असतो. पण मधला भाग राखायचा हे आधी लिहिलं गेलं. खोपोलीकर तेच मागतायत.

निवृत्त अभियंता, ठाणे:

निवडून आलेली समिती असेल आणि तिला खरे अधिकार असतील तर माझी हरकत नाही. असली तरी सांगून ठेवतो, नगरसेवकांच्या हातात भूखंडांची आरक्षणं दिली की मैदानांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

खोपोलीकर:

नगररचना, आभार, पण तुमच्या समितीतली मेख तुम्ही सांगितली नाहीत. तिथे जागा शहरी आणि ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायच्या आहेत. मुंबई-ठाण्याची माणसं मोजा आणि खालापूरची मोजा. आमच्या वाट्याला बोटावर मोजण्याइतकी मतं येणार, आणि पाण्याचा ठराव आला की पाणी पिणारे बहुमतात असणार. शहापूरचे भाऊ तिथे हात वर करून काय करणार? निवडून आलेले आहेत म्हणून बहुमताने आमचा ओढा वळवला तर तो आम्हाला गोड लागणार नाही.

धरण, डोंगर आणि गावठाण या तीन गोष्टींना संबंधित ग्रामसभेच्या ठरावाशिवाय हात लावता येणार नाही, असं पाहिजे. संख्या कितीही असो.

अपडाउन:

म्हणजे एका ग्रामसभेने ठरवलं तर दोन-तीन कोटी लोकांचं पाणी आणि रेल्वे अडणार? हे कुठल्याही राज्यात चालणार नाही.

शहापूर:

दोन-तीन कोटी लोकांनी ठरवलं म्हणून आमचा हंडा इतकी वर्षं अडलाय, ते चाललं की.

धायरीकर:

ग्रामसभेचंही फार कौतुक नको. आमच्या ग्रामपंचायतीने महापालिकेत जायच्या आदल्या महिन्यांत जुन्या तारखा टाकून परवानग्या वाटल्याची चर्चा अख्ख्या गावात होती. विलीनीकरण होणार कळलं की सगळ्यात आधी सरपंचाच्या दारात रांग लागते.

खोपोलीकर:

ग्रामपंचायत वेगळी, ग्रामसभा वेगळी. तरीही तुमचा मुद्दा पोचला. ठराव उघड मतदानाने, मतदार यादी समोर ठेवून, आणि महिलांच्या सभेनंतरच. ते लिहिता येईल.

डोंबिवली पूर्व:

आणि माझ्या बहिणीसारखे जे गावात फ्लॅट घेऊन राहिले, मतदार यादीत आहेत, त्यांचं मत त्या ग्रामसभेत धरणार की नाही? आमच्याकडे मूळ गावकरी मूठभर आणि फ्लॅटवाले भरपूर. धरणार असाल तर तुमच्या ओढ्याचं ठरवणारे उद्या टाउनशिपवालेच असतील. नाही धरणार तर आम्ही कर भरून परके.

खोपोलीकर:

मतदार असतील तर धरावंच लागेल. म्हणून तर टाउनशिप येण्याआधी डोंगर आणि ओढे लिहून घ्या म्हणतोय, नंतर नाही. आमच्या तालुक्यात अजून ती वेळ आहे. तुमच्याकडे गेली.

निवृत्त अभियंता, ठाणे:

ठीक. आधी राखायच्या जागांची यादी, मग प्राधिकरण. क्रम मान्य करतो. पण यादीला मुदत घाला. दोन वर्षांत गावांनी सर्व्हे नंबरनिशी यादी दिली नाही तर काम थांबणार नाही. आणि राखलेल्या जमिनीच्या मालकाने उद्या तीच एजंटला विकली तर ती खरेदी रद्द, हेही गावांनी स्वीकारायचं. राखा म्हणायचं आणि मागून विकायचं, दोन्ही चालणार नाही.

जासईचा:

माझ्या जमिनीवर तुम्ही मोकळी जागा राखणार, हवा दोन शहरं खाणार, आणि मी विकायची नाही, बांधायचंही नाही. मग मला दर वर्षी काय देणार ते त्याच कागदावर लिहा. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क, नको, त्याचे कागद कपाटात पडून आहेत. रोख, एकरी, महागाईप्रमाणे वाढणारं, मुंबई आणि पुण्याच्या पाणीपट्टीतून वळतं केलेलं. तुमच्याकडे आकडा तयार असला की मला बोलवा.

शहापूर:

पाणीपट्टीतून. हे आवडलं. धरणाच्या गावांनाही लावा.

निवृत्त अभियंता, ठाणे:

पाणीपट्टीवर अधिभार लावायला कुठलीही महापालिका तयार होणार नाही. झोपडपट्टीतल्या माणसानेही तुमच्या डोंगराचे पैसे द्यायचे का?

जासईचा:

त्याच्याकडून घेऊ नका. मीटरवर जास्त पाणी ओढणाऱ्या टॉवरकडून घ्या. आणि साहेब, आकडा सांगायचं सोडून पुन्हा विषय बदलू नका.